परतफेडीवाचून प्रायश्चित्त

हातून अपराध घडून गेला आणि मन खाऊ लागले की साधाभोळा माणूस पहिली चूक करतो ती ही, की ज्याचे नुकसान केले त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. आपण असला उतावीळपणा करू नये. ‘प्राय’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय, अशी प्रायश्चित्त या शब्दाची फोड जुन्या शास्त्रकारांनी केली आहे; तीत ज्याला झळ बसली त्याचा कोठेही उल्लेख नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवावे.

व्रत निवडायचे तर चांद्रायण निवडावे. पौर्णिमेला १५ घास, मग रोज एकेक कमी करत अमावास्येला निराहार, आणि शुक्ल पक्षात पुन्हा एकेक घास वाढवत न्यायचा. महिनाभर स्वतःचे घास मोजण्यात जीव इतका गुंततो, की दुसऱ्याच्या तोंडचा कोणता घास आपण काढला होता हे आठवायला सवड उरत नाही. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय मात्र जपून वाचावा. किरकोळ चोरीसाठी तेथे सांतपन कृच्छ्र हे उपवासाचे कठीण व्रत सांगितले आहे खरे, पण चोरलेली वस्तू परत करण्याची अडचणीची अट त्याच श्लोकात घातली आहे. ज्यूंचा जुना धर्मनियमांचा ग्रंथ मिश्ना तर याहून कडक : योम किप्पूर या त्यांच्या वार्षिक प्रायश्चित्ताच्या दिवसाने देवाविरुद्धचे अपराध धुतले जातात, माणसाविरुद्धचे मात्र त्या माणसाची समजूत घातल्याखेरीज नाही, असे तो बजावतो. अशा ग्रंथांना लांबूनच नमस्कार करावा.

पश्चात्ताप दिसला पाहिजे, हे चौथ्या हेन्रीकडून शिकावे. पोप सातव्या ग्रेगरीने बहिष्कृत केलेला हा जर्मन राजा जानेवारी १०७७ मध्ये इटलीतल्या कानोसाच्या गढीबाहेर, जिथे पोप उतरला होता, बर्फात तीन दिवस अनवाणी तिष्ठत राहिला आणि क्षमा पदरात पाडून घेऊन परतला. पुढे सातच वर्षांनी त्याने रोम घेऊन आपल्या मर्जीतला पोप गादीवर बसवला आणि क्षमा करणारा सातवा ग्रेगरी परागंदा होऊन वारला. तीन दिवसांच्या थंडीत एवढे पदरी पडत असेल, तर पायांना थोडे भेगाळू द्यायला हरकत नसावी.

जागाही नीट हेरावी. कलिंगात १ लाख माणसे मारली गेली, दीड लाख धरून नेली गेली, याचे दुःख अशोकाने तेराव्या शिलालेखात कोरवले. असे दुःख जाहीर करणारे राजे इतिहासात फारसे नाहीत, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. तो लेख गिरनारला आहे, पार वायव्येला शाहबाजगढीला आहे. खुद्द कलिंगातल्या धौली आणि जौगडला मात्र तो वगळला आहे. धरून नेलेल्यांना घरी धाडल्याचेही त्यात कोठे म्हटलेले नाही.

आपल्याला शिळा कोरायची नाही, चार ओळींचे पत्र लिहायचे आहे. त्यात ‘मी’ हा कर्ता आणि ‘घेतले’ हे क्रियापद चुकूनही एका वाक्यात येऊ देऊ नये. ‘झाल्या प्रकाराने कोणाचे मन दुखावले असल्यास’ अशी सुरुवात करावी. ‘असल्यास’ या एका शब्दात अर्धा अपराध विरघळतो, आणि उरलेला ‘कोणाचे’ या शब्दाआड सहज लपतो. पत्र जमेल तितक्यांना पाठवावे, फक्त ज्याचे पैसे बुडवले त्याचा पत्ता तेवढा घाईत राहून जावा.

एवढे करूनही तो गृहस्थ रकमेची विचारणा करीत आलाच, तर ओठांवर बोट ठेवून आपले मौनव्रत चालू असल्याचे त्याला खुणेने सांगावे, आणि व्रत कधी संपणार हे त्याने विचारल्यास डोळे मिटून घ्यावेत.