खरी गोम द्रावकात आहे

सच्छिद्र द्रवांवरच्या (म्हणजे आत कायम रिकाम्या पोकळ्या असलेल्या द्रवांवरच्या) लेखातलं 'पिंजरा-रेणू द्रवात विरघळवले की सच्छिद्र द्रव तयार' हे वाक्य खटकलं. पिंजरा-रेणू म्हणजे आतून पोकळ रेणू. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी असाच एक पिंजरा क्लोरोफॉर्म या द्रावकात (विरघळवणाऱ्या द्रवात) विरघळवला होता. क्लोरोफॉर्मच आत जाऊन बसला. पोकळी भरली, विषय संपला.

२०१५ साली बेलफास्ट आणि लिव्हरपूलच्या संशोधकांना जमलं ते द्रावकाच्या निवडीमुळे. त्यांचं द्रावक होतं १५-क्राउन-५, कड्यासारख्या रेणूंचं एक क्राउन ईथर. त्याचा रेणू इतका थोराड, की पिंजऱ्याच्या खिडकीतून आत शिरतच नाही. पिंजऱ्यालाही बाहेरून क्राउन ईथरच जोडलेले (ही युक्ती मला फार आवडते), म्हणून तो भरपूर विरघळतो. मिथेनला मात्र वाट मोकळी: नुसत्या द्रावकाच्या सुमारे आठपट विरघळला. लेखात द्रावकाचं नावसुद्धा नसावं?