गोदाम भरलं, माणसं नागडी

जिथली पहिली कापड गिरणी 1877 साली सुरू झाली, त्या सोलापुरात मी वाढलो. आप्पा तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारे कारागीर, होते. लहानपणी खटखट थांबली की मला जाग यायची. त्यामुळे कापडातलं आपल्याला कुणी काही शिकवू नये, असा माझा एक समज होता. 'रिमवर्ल्ड' नावाच्या गेमने चार रात्रींत तो उतरवला.

यान कोसळून तीन माणसं परक्या ग्रहावर पडतात आणि त्यांचा संसार आपण मांडायचा. शेती जमली, भिंती जमल्या, दरोडेखोरही परतवले. अडलो ते शर्टापाशी. इथले कपडे अंगावर झिजतात आणि 50 टक्क्यांच्या खाली गेले की घालणाऱ्याचं तोंड उतरतं. (आमच्या आईचाही नियम हाच आहे. फक्त ती बनियनला तोंड उतरवायची संधी देत नाही, थेट फरशी पुसायला घेते.)

पहिल्यांदा शिंप्याला सांगितलं, शिवतच राहा. तो राहिला. गेमच्या मापात एका शर्टाला 45 कापड लागतं, त्या हिशोबाने त्याने अख्खं कापसाचं शेत शिवून टाकलं. घरी माणसं अकरा, शर्ट शंभरावर. या गेममध्ये तुमची मालमत्ता जेवढी वाढते, तेवढी दरोडेखोरांची टोळी मोठी येते. आली. त्यातले जे मेले त्यांच्या अंगावरचे चांगले कपडे काढून मी आपल्या माणसांना चढवले, तर ती आणखीच खिन्न. मेलेल्याच्या कपड्यावर गेम कायमचा डाग मारतो. आई मागून बघत होती. म्हणाली, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी ऐकलं होतं. तू चड्डीवर आलास."

मग अक्कल चालवली. शिंप्याला हुकूम दिला, साठ्यात दहा शर्ट होईपर्यंतच शिव. माणसांना नियम घातला, 51 टक्क्यांच्या खालचा कपडा अंगावर ठेवायचा नाही. सगळं आपोआप चालणार म्हणून मी चहा टाकायला गेलो. परत आलो तर आप्पा चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनपाशी वाकलेले.

"ते नागडं का फिरायलंय रे?"

"शर्ट नाहीत आप्पा."

"मग शिंपी का बसून खायलाय?"

"गोदामात दहा शर्ट आहेत म्हणतोय."

"उघड की मग गोदाम."

उघडलं. होते, चौदा होते. सगळ्या चिंध्या. माणसांनी नियमाप्रमाणे फाटके शर्ट उतरवले, कुणीतरी इमानदारीत ते उचलून गोदामात लावले, शिंप्याने मोजले आणि काम बंद केलं. बाहेर बर्फ पडत होतं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मागावर चादरीत तार तुटून गेलेली दिसली की ते असे पाहायचे.

"सेकंडचा माल स्टॉकात धरलास व्हय?"

हुकुमाच्या तपशिलात एक पट्टी असते, किती टक्क्यांच्या वरचा माल मोजायचा ते ठरवणारी. ती मी कधी हलवलीच नव्हती. आप्पांनी 80 वर न्यायला लावली. डाग लागलेले कपडे मोजणीतून काढायला लावले. अंगावरचे मोजायचे का, हे विचारल्यावर तर चिडलेच. "गिऱ्हाइकाच्या अंगावरचा टॉवेल गोदामात दाखवतो का आपण?" आणि सहा झाले की थांब, तीनवर आले की परत सुरू कर, हेही त्यांनीच सांगितलं. त्याचीही सोय गेममध्ये आहे. चार रात्री खेळून मला ती दिसली नव्हती.

शिंपी उठला. शर्ट पडू लागले. आप्पा खुर्ची ओढून बसले.

"मजुरी काय ह्याला?"

"नसते."

"बोनस?"

"नाही."

"सुट्टी तरी?"

मी विषय बदलला. खरं तर या शिंप्याला घेताना हात चांगला म्हणून घेतला होता. माहितीत 'आगलाव्या' असा स्वभाव स्पष्ट लिहिला होता, तिकडे मी काणाडोळा केला. सहावा शर्ट ठेवून तो शांतपणे उठला, गोदामात गेला आणि कापडाच्या ढिगाला आग लावली.

आप्पांनी चष्मा खाली घेतला.

"दिवाळी जवळ आली असंल त्याची."