जाळी झाकून जुन्या गाडीचं ॲव्हरेज वाढत नाही, निदान मुंबईत तरी

जुनी मारुती ८०० किंवा झेन असेल तर पुढची जाळी झाका, पोटाखाली प्लास्टिकचा पत्रा लावा, बाजूचे आरसे काढा, मागे स्पॉयलर (हवा वळवणारी पट्टी) बसवा. हवेचा रोध कमी होऊन शहरातलं १६चं ॲव्हरेज २२वर जाईल, असा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. मुंबईत जुन्या गाड्या जपून चालवणारे लोक तो वाचून पैसे घालवतील, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी १६चे २२. याचा अर्थ २७ टक्के पेट्रोल वाचायला हवं. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो (वेग दुप्पट तर रोध चौपट), म्हणून कमी वेगात तो फार थोडा असतो. माणसांसकट ८०० किलोची छोटी गाडी ताशी ३० किलोमीटरने एक किलोमीटर गेली, तर ढोबळ हिशेबाने हवेसाठी २७ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि टायर फिरवायला १०० किलोज्यूलच्या आसपास. वाटेत ४०च्या वेगात असताना सिग्नलला एकदा थांबलात, की ५० किलोज्यूल ब्रेक तापवण्यात जातात. म्हणजे हवा पूर्ण नाहीशी केली तरी बचत १५ टक्क्यांच्या आतबाहेर! साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन चालू ठेवून उभं राहण्यात जळणारं पेट्रोल यात धरलेलंच नाही.

जाळी झाकणं हा सगळ्यात घातक सल्ला. थंड देशात इंजिन लवकर तापावं म्हणून लोक ते करतात. आपल्याकडे मे महिन्यात वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी रखडते, तेव्हा रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर दोघांनाही त्याच जाळीतून हवा मिळते. जुना, अर्धा चोंदलेला रेडिएटर त्यावर झाकला तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) जायला वेळ लागत नाही. त्या एका कामाच्या बिलात कितीतरी टाक्या भरतील.

पोटाखालचा पत्रा मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर खरंच उपयोगी आहे. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत आणि साचलेल्या पाण्यात तो सुटून लोंबतो, आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळ प्लास्टिक ही आगीला जागा.

आरसे काढू नका. मोटारसायकली दोन्ही बाजूंनी घुसणाऱ्या शहरात याहून जास्त सांगायला नको.

स्पॉयलर त्या गाडीसाठी हवेच्या बोगद्यात (जोराचा वारा सोडून रोध मोजतात तिथे) तपासलेला असेल तरच काही अर्थ; बाजारातला चिकटवलेला तुकडा रोध वाढवूही शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत.

‘परदेशात लोकांनी करून दाखवलंय’ असं कुणी म्हणेल, तर ते मात्र खोटं नाही. १९९९च्या होंडा इनसाइटची मागची चाकंसुद्धा झाकलेली होती आणि तिचा रोध गुणांक (आकारामुळे हवा किती अडते याचं माप; कमी तेवढं चांगलं) ०.२५ होता. पण ३०च्या तुलनेत ९०च्या वेगात हवेचा रोध नऊपट होतो, आणि फायदा तिथेच दिसतो. तुम्ही दर आठवड्याला एक्स्प्रेसवेने पुण्याला जात असाल, तर छतावरचं रिकामं कॅरियर उतरवा आणि १००ऐवजी ८०ने चला. नुसता वेग उतरवल्यानेच हवेचा रोध ३६ टक्के कमी होतो, फुकटात.

शहरात पैसे घालायचेच असतील तर टायरमधली हवा, चिकटणारे ब्रेक आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) बघा. गाडी तापते म्हणून अनेक गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग इंजिन बराच वेळ थंड राहतं आणि जास्त पेट्रोल पितं. तो आहे की नाही, हे पुढच्या सर्व्हिसिंगला नक्की विचारा.