भरल्या कोठारापाशी माणूस उपाशी कसा ठेवावा

अन्नटंचाई घडविणे हे फार अवघड काम आहे, असा एक भाबडा समज आपल्याकडे अजून टिकून आहे. त्यासाठी पावसाने दडी मारावी लागते, पिके करपावी लागतात, असे लोक धरून चालतात. आपण खानदेशी माणसे तर गिरणा आणि हतनूर धरणांतील साठ्याची टक्केवारी वाचूनच पुढच्या वर्षाचे भाकीत करून मोकळे होतो. ही पद्धत आता जुनी झाली. धरणे भरलेली, कोठारे भरलेली आणि बाजारात गव्हाच्या पोत्यांची थप्पी लागलेली असतानाही टंचाई उत्तम घडविता येते. त्यासाठी थोडा सराव आणि पुष्कळ निर्ढावलेपण एवढेच भांडवल पुरते. ज्यांना ही विद्या शिकायची आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल येथे देत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नेहमी धान्य मोजावे, माणसे मोजू नयेत. दर वर्षी १ जुलैला केंद्रीय साठ्यात ४११ लाख टन गहू व तांदूळ असावा, असा निकष आहे, आणि अलीकडची काही वर्षे प्रत्यक्ष साठा त्याहून पुष्कळच अधिक असतो. हा आकडा तोंडपाठ करावा आणि कोणी उपाशी असल्याचे सांगू लागला की त्याच्या तोंडावर फेकावा. या बाबतीत आपली परंपरा थोर आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात आणि मद्रासेत माणसे मरत होती, तेव्हाही येथील गहू जहाजांत भरून इंग्लंडला जातच होता, आणि १८७७ च्या १ जानेवारीला व्हाइसरॉय लिटनसाहेबांचा दिल्ली दरबारही थाटात पार पडला. १९४३ मध्ये बंगालात सुमारे ३० लाख माणसे मेली. त्या वर्षी तेथे उपलब्ध असलेले धान्य १९४१ पेक्षा जास्तच होते, हे अमर्त्य सेन यांनी पुढे आकडे मांडून दाखविले. भाव चढले, मजुरी त्या मानाने चढली नाही, आणि ज्यांच्याजवळ विकत घेण्याची ऐपत नव्हती ते रस्त्यावर येऊन मेले. धान्य होते, पण ते त्यांचे नव्हते.

माणसे मोजणे अगदीच टळत नसेल, तर जुनी मोजणी वापरावी. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे आणि त्यातील लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. त्यामुळे मधल्या काळात घरात आलेली सून आणि तिची दोन लेकरे घेऊन कोणी तालुक्याला गेला, तर 'इष्टांक संपला आहे', म्हणजे लाभार्थ्यांची ठरलेली संख्या भरली आहे, हे तीन शब्द पुरतात. घरातला एखादा म्हातारा मेला की जागा होईल, हे वेगळे सांगावे लागत नाही, ते ज्याचे त्याला समजते.

शेतकऱ्याला घरापुरती ज्वारी पेरण्याची बुद्धी होणार नाही, याचीही काळजी घ्यावी. आपल्याकडची दादर ज्वारी माणसाला भाकरी आणि गुराला कडबा दोन्ही देत असे. आता तिच्या जागी कापूस आणि मका आहे, पाण्याची सोय असेल तेथे केळी आहे. नगदी पीक घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही, कारण काढणीच्या दिवसांत ज्वारीचा भाव पडतो, खरेदी केंद्र उशिरा उघडते आणि उघडले की तेथे बारदान नसते. मग मिळेल त्या भावाने माल घालायचा आणि उन्हाळ्यात चढ्या भावाने दळणाला धान्य विकत आणायचे. पिकविणारा अशा रीतीने गिऱ्हाईक होतो.

डाळ शिधापत्रिकेवर देऊ नये. जळगावच्या डाळ गिरण्यांचा वास हवेतून फुकट मिळतोच.

लग्नात वरण-बट्टीची पंगत असो की आताचा बुफे, निम्मे ताट टाकून उठावे, म्हणजे यजमानाची शोभा राहते.

आता मुख्य उपाय, म्हणजे अंगठा. धान्य आहे, कायदा आहे, कार्डावर नाव आहे, तरीही माणसाला रिकाम्या पिशवीनिशी परत पाठवायचे असेल, तर यासारखे साधन नाही. गेल्या महिन्यात माझ्या काकूला ई-केवायसीसाठी, म्हणजे यंत्रावर बोट टेकवून आधारवरून ओळख पटविण्यासाठी, कंट्रोलच्या दुकानात घेऊन गेलो होतो. काकूचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या शेतांत कापूस वेचण्यात आणि निंदणी-खुरपणीत गेले. तिच्या बोटांवर रेषा शिल्लक नाहीत. यंत्र तांबडा दिवा दाखवी, दुकानदार म्हणे, "आजी, हात पुसा." तिने पदराला हात पुसला. मग दुसरे बोट, मग तिसरे, मग डावा हात. मध्येच सर्व्हर बंद पडला, तेव्हा जरा बरे वाटले, कारण तेवढा वेळ तरी दोष तिच्या हाताचा नव्हता. "मन्हा अंगठा घसाई ग्या, भाऊ, आते काय करू?" असे ती दुकानदाराला विचारत होती, जणू काही चोरी पकडली गेली आहे. दुकानदाराने आधार केंद्रात जाऊन ठसे नवे करून आणायला सांगितले. आधार केंद्राने ठसे उमटतच नाहीत म्हणून कार्यालयात पाठविले. कार्यालयाने, दुकानदारालाच विचारा, असे सांगितले. डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटविण्याचीही सोय असते म्हणे. ते यंत्र कोठे आहे, हे या तिघांपैकी कोणालाही सांगता आले नाही. आणि हे पक्क्या सडकेवरच्या गावात. नंदुरबारकडच्या धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर यंत्र हातात धरून रेंज शोधत टेकडी चढावी लागते, आणि तेथील निम्मी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात. कोणत्याही राज्यात धान्य उचलता येते, असे त्यांना सांगितलेले असते. फडावरून उठून अनोळखी दुकानात जायला त्यांना सुटी कोण देणार आहे? लेकरे आईबापांबरोबर फडावर जातात, अंगणवाडीचा आहार गावातच राहतो, आणि मग देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली असल्याचे २०१९-२१ च्या पाहणीत निघाले तसे निघाले की आपण चर्चासत्र भरवितो.

काकूच्या मागे रांगेत एक गृहस्थ उभे होते. पायांत चांगले बूट, बाहेर मोटार. ते मोठ्याने म्हणाले, "फुकट मिळतं म्हणून लोक माजलेत." काकूने ऐकले आणि ती बाजूला सरकली.

आता उपरोध पुरे. त्या गृहस्थांना आणि त्यांच्यासारखे बोलणाऱ्या तुम्हा सर्वांना सरळ सांगतो. माणशी महिन्याला पाच किलो, म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम धान्य आणि वर एक आणा ठरविला, आणि त्या क्रौर्याबद्दल त्यांना आजही दूषणे दिली जातात. (ते मजुराचे सगळे पोट होते आणि आजचे धान्य पूरक आहे, हे मला ठाऊक आहे, पण १६७ ग्रॅमला माज म्हणण्यापूर्वी हा आकडा एकदा वाचा.) १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात पीक बुडाले होते, तरी बंगालसारखे मृत्यू झाले नाहीत, कारण सुमारे ५० लाख माणसांना खडी फोडण्याचे, पाझर तलावांचे काम मिळाले, हातात पैसा आला, सुकडीचा कोरडा खाऊ आणि मिलो ही परदेशी ज्वारी पोटात गेली. तुमच्याच आईबापांनी ती खडी फोडली आहे. त्यांचा अंगठा तेव्हा कोणी मागितला नव्हता.

झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यात २०१७ मध्ये शिधापत्रिका आधारशी जोडलेली नाही म्हणून ज्या घराचे धान्य थांबले, त्या घरातील अकरा वर्षांची मुलगी मेली. घरचे म्हणाले भुकेने, प्रशासन म्हणाले मलेरियाने. त्यानंतर, आधारच्या अडचणीमुळे कोणाचेही धान्य अडवू नये, असे केंद्राने राज्यांना लेखी कळविले. अन्न सुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमात तर, हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असे लिहिलेले आहे. तुमच्या गावात हा भत्ता कोणी मागितल्याचे ऐकले आहे का? कार्यालयातल्यांनी तो कोणाला सांगितला आहे का? दुकानावर देखरेख ठेवायला दक्षता समिती असते, तीही याच कायद्याने. तिची बैठक कधी झाली, हे तिच्या सदस्यांनाच सांगता येणार नाही, आणि ते सदस्य काही मुंबईहून येत नाहीत. सरपंच, शिक्षक, गावातले प्रतिष्ठित, म्हणजे हा लेख वाचणारे तुम्हीच. वर्षाकाठी कोणी नोंदवही पुढे केली की न वाचता तिच्यावर सही करता, आणि रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीला माज शिकविता. लाज वाटत असेल तर ती नोंदवही उघडा आणि ज्यांचे अंगठे उमटले नाहीत त्यांची नावे त्यात लिहा.