जत्रेचं मटण आणि पौलाचं पत्र

आषाढात कोल्हापुरात ख्रिस्ती असणं जरा अवघडच. मंगळवार-शुक्रवार टेंबलाई देवीची जत्रा. पी-ढबाक वाजवत पंचगंगेचं नवं पाणी टेकडीवर जातं आणि मग अख्ख्या गल्लीत मटणाचा वास सुटतो. दोस्तांचे फोन सुरू होतात, "भावा, जेवायला यायचंय, कारण सांगायचं नाही." जायचं का? देवीला दाखवलेलं ते मटण खायचं का? आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यावर दोन तट आहेत आणि दोघांचाही आवाज मोठा आहे. म्हणून मला काय वाटतं ते एकदाच सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

हा वाद आपल्याकडचाही नाही आणि नवाही नाही. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या काळात ग्रीसमधल्या करिंथ शहरात देवळं भरपूर होती, देवाला दाखवलेलं मांस बाजारातही विकायला यायचं. तिथल्या मंडळीत हीच भांडणं. पौलाने बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात 8 ते 10 असे तीन अध्याय यासाठी खर्च केलेत. त्याचं म्हणणं सरळ नाही, म्हणून तर मला ते आवडतं. तो म्हणतो, मूर्ती म्हणजे काही नाही, खाण्याने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही जात नाही. पण देवळातल्या पंगतीत बसू नका. कुणी घरी जेवायला बोलावलं तर जा आणि चौकशा न करता पुढ्यात येईल ते खा. मात्र कुणी सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे, तर खाऊ नका. आणि हे स्वतःसाठी नाही, सांगणाऱ्याच्या मनासाठी.

आता आमच्याकडचे हुशार लोक काय करतात बघा. नवरात्रात कुणी अंबाबाईचा प्रसाद दिला की दोन्ही हातांनी घेतात, हसतात, आणि कोपऱ्यावर गेल्यावर गाडीच्या डिकीत टाकतात. मग तो लाडू आठवडाभर पाना-पक्कडींबरोबर फिरतो. मित्रापुढं भक्त, मंडळीत पवित्र. मला याचा खरंच राग येतो. खायचा असेल तर खा, तुझं आणि प्रभूचं तू बघ. नसेल खायचा तर तोंडावर सांग. समोरच्याने श्रद्धेने दिलेली वस्तू डिकीत टाकणं हा त्याचा अपमान आहे, आणि त्यात विश्वास तर अजिबात नाही.

मी घेत नाही. सांगून घेत नाही. शिवाजी पेठेतल्या दोस्ताच्या आईला, काकूंना, पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा पोटात गोळा आला होता. काकू म्हणजे सोवळं-ओवळं, उपासतापास सगळं कडक. त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "मग नैवेद्याचं ताट भरायच्या आधी तुझा रस्सा डब्यात काढून ठेवते." मी गडबडून गेलो. म्हटलं, काकू, माझ्यापायी तुमचा नेम मोडू नका. त्यावर त्या म्हणाल्या, "नुसतं काढून ठेवल्यानं उष्टं होत नाही रे बाळा, आधी खाल्लं की होतं. तू मागनं खा."

तेव्हापासून जत्रेला माझा डबा वेगळा असतो. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं. पौलाला तीन अध्याय लागले, काकूंनी दोन वाक्यांत मिटवलं. (पाळकसाहेब, हलकेच घ्या.) मी खोटं बोलून प्रसाद घेतला असता तर काकूंचा हा मोठेपणा मला कधी दिसलाच नसता. "माझा विश्वास दाखवला तर मैत्री तुटेल" असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी मित्राला फारच लहान समजलेलं असतं.

यामागे थोडा इतिहासही आहे. वायल्डर मिशनरी कोल्हापुरात आले 1852 साली. पुढं शाळा झाल्या, दवाखाने झाले, शाहू महाराजांच्या काळात जातीधर्मांची वसतिगृहं उभी राहिली त्यांत ख्रिस्ती मुलांचंही होतं. पण आमची कित्येक घरं मिशन कंपाउंडच्या आत वाढली. शेजारी ख्रिस्ती, मास्तर ख्रिस्ती, नर्सबाई ख्रिस्ती. आत राहून विश्वास सांभाळणं सोपं होतं. आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, समोरच्या दारावर तोरण असतं, आणि कसं वागायचं ते कुणी शिकवलेलं नाही.

आमच्या आईने मात्र 2019 च्या महापुरात ते करून दाखवलं. सुतारवाड्यातला एक दोस्त बायकापोरांसह आमच्याकडे राहायला आला. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि दुसऱ्या पिशवीत देव. आई म्हणजे प्रसादाला हात न लावणारी बाई. तिने आतल्या खोलीतला एक कप्पा रिकामा केला, पुसला आणि त्यांना म्हणाली, "इथं ठेवा." आम्ही आमची संध्याकाळची प्रार्थना बाहेर केली, त्यांनी त्यांचा दिवा आत लावला. उपासनेनंतर एकाने तिला टोकलं, ख्रिस्ती घरात मूर्ती? आई म्हणाली, "मग काय पुरात ठेवू?"

खाण्यापिण्याचं झालं, पण खरी परीक्षा मला वाटतं पैशाची. माझं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. तिथला एक मित्र चेष्टेत म्हणतो, "तुमचं बरं हाय, आठवडाभर काय बी करा, रविवारी माफी मागितली की खातं कोरं." मी हसतो, पण ते लागतं, कारण तसं वागणारे त्याने पाहिलेत. यरीहोच्या जक्कयाच्या घरी येशू गेला तेव्हा त्या जकातदाराने प्रार्थना म्हटली नाही, आकडे सांगितले. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. त्यानंतर येशू म्हणाला, आज या घराला तारण झालं. आणि मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नये हे तर मोशेच्या नियमशास्त्रातच आहे. पोरांचा पगार लटकवून रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्याचं गाणं कितीही सुरात असलं तरी मला ऐकवत नाही.

राहिला "साक्ष देण्याचा", म्हणजे दुसऱ्याला येशूबद्दल सांगण्याचा विषय. आमच्या काही तरुणांना मित्र म्हणजे गळाला लागायचा मासा वाटतो. दोस्ताचे वडील आयसीयूत आहेत आणि हे पत्रक घेऊन हजर! अरे, आधी डबा ने, रात्री बाकड्यावर झोप, रक्त लागलं तर दे. प्रार्थना करू का, असं विचार, आणि नको म्हणाला तर गप्प घरी येऊन कर. येशूचा शिष्य पेत्र सांगतो की तुमच्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, तेही सौम्यतेने आणि आदराने. जो विचारेल त्याला! मला विचारतात. डब्याबद्दल विचारतात, शनिवारीच पगार का करतोस विचारतात. मग मी येशूचं नाव घेऊनच सांगतो, लाजत नाही. त्यातला कुणीही ख्रिस्ती झालेला नाही आणि आमची मैत्री त्या अटीवर नाहीच.

मंडळीतल्या ज्यांना हे पटत नाही त्यांनी कमेंटमध्ये बिनधास्त लिहा. फक्त आधी ते तीन अध्याय सलग वाचा, एकच ओळ उचलून आणू नका. आणि डिकीवाल्यांनो, तुम्हाला टॅग केलेलं नाही, निवांत राहा.