मौनाच्या दर्शनाला मामा

ठाणेकराला चित्र बघायचं असेल तर त्याने आधी मेगाब्लॉक बघावा. रविवारी आपल्याला सुट्टी म्हणून आपण संग्रहालयाकडे निघतो आणि नेमकी रविवारीच रुळांना डागडुजी आठवते. बरं, रजा टाकून सोमवारी जावं तर काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद. बुधवारी जावं तर भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. उरलेल्या वारी दोन्ही उघडी असतात, पण त्या वारी आमचं ऑफिसही उघडं असतं.

वार जुळला, गाडी मिळाली, तरी आपल्याला हवं ते चित्र भिंतीवर असेल याची खात्री नाही. संग्रहालयांकडे भिंतीपेक्षा चित्रं कितीतरी जास्त असतात. त्यामुळे प्रदर्शनं बदलत राहतात आणि बाकीची चित्रं कोठारात पडून असतात. कागदावरच्या कामांचे तर लाडच असतात. उजेडाने ती फिकी पडतात म्हणून त्यांच्यावर जेमतेम 50 लक्सचा मिणमिणता प्रकाश टाकायचा, आणि काही महिने लोकांसमोर राहिली की पुढे बराच काळ त्यांना अंधारात विश्रांती द्यायची. मला नोकरी लागून इतकी वर्षं झाली, माझ्या फिकं पडण्याकडे कोणी असं लक्ष दिलेलं नाही.

मला बघायचे होते अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे. माणूस 1924 साली नागपूरला जन्मला, गिरगावच्या चाळीत वाढला, 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेऊन बाहेर पडला. पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटात सामील झाला, पण गटातल्या बाकीच्यांचा गाजावाजा होत असताना हा आपला खोलीत एकटा. 1964 मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला जाऊन आला, 1971 मध्ये पद्मश्री मिळाली, 1972 मध्ये दिल्लीला बिऱ्हाड हलवलं. वर्षाकाठी चित्रं काढायचा पाच-सहा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचं चित्र 1963 मध्येच घेऊन ठेवलं आणि 2014 मध्ये तिथल्याच गुगनहाइम संग्रहालयाने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं. म्हणजे आपल्या गिरगावातल्या माणसाची चित्रं तिकडच्या लोकांनी निवांत बघून घेतली, आणि मी अजून ठाणे स्टेशनच्या पुलावर इंडिकेटरकडे बघत उभा.

काळा घोड्याच्या एका प्रदर्शनात त्याचं मोठं तैलचित्र लागलंय असं कळलं, तेव्हा मी घरात जाहीर केलं की येत्या रविवारी गायतोंडे. बायको म्हणाली, "येते, पण येताना फॅशन स्ट्रीट." ही अट मी लगेच मान्य केली. खरी अडचण पुढे होती. तिने ही बातमी फोनवर मामांना सांगितली.

मामा म्हणजे बायकोचे मामा. नौपाड्यात राहतात. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये त्यांनी उभी हयात काढली. निवृत्त झाले, पण नजर निवृत्त झाली नाही. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की यजमानांच्या आधी भिंतींची विचारपूस करतात. माझ्या मेहुण्याच्या लग्नात सीमांतपूजन चालू असताना हे मंगल कार्यालयाच्या खांबाला बोट लावून "अजून चिकट आहे" असं व्याह्यांना सांगत होते. "रंगाचं काहीतरी बघायला चाललाय म्हणे जावईबापू," त्यांचा फोन आला, "मग मला न विचारता कसे निघालात?"

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही, ठाणेकर वाचकांना नवीन काय सांगायचं? फास्ट गाडी स्लोच्या रुळावरून चालली होती आणि आम्ही तिघं तीन दिशांना तोंड करून उभे होतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती आणि सुमारे 400 पाहुणे त्यातून बसून आले होते. बसून! भांडुप आलं तेव्हा मामांनी गर्दीतून मान काढून कारखान्याच्या दिशेला नमस्कार केला. मधे उभ्या असलेल्या गृहस्थांना वाटलं त्यांनाच केला. त्यांनीही उलट केला.

संग्रहालयाच्या दारात मामांची कापडी पिशवी जमा करायला सांगितली. त्यात पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि आदल्या दिवशीचा पेपर एवढं निघालं. टोकन घेताना मामांनी पिशवीतून एक भिंग काढून शर्टाच्या खिशात टाकलं. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

आता मुख्य संकट. अमूर्त चित्रासमोर उभं राहताना चेहऱ्याचं काय करायचं, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. राजा रविवर्म्याचं चित्र असलं की सोपं असतं. ही दमयंती, हा हंस, साडीचा काठ बघा काय काढलाय, चला पुढे. गायतोंड्यांच्या चित्रात ओळख दाखवायला कोणीच नसतं. शेजारच्या पाटीवर काही धागा मिळेल म्हणून जावं तर तिथे नाव, साल, कॅनव्हासवर तैलरंग आणि शीर्षकाच्या जागी 'अनटायटल्ड'. तरीही सगळे ती पाटी वाचतात. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण चित्रापेक्षा पाटीसमोर लोक जास्त वेळ रेंगाळतात हे छातीठोक सांगतो. पाटी वाचताना निदान चेहरा वाचत असल्यासारखा ठेवता येतो.

मी काही चेहरे करून बघितले. आधी हनुवटीखाली मूठ. मग डोळे बारीक करून मान डावीकडे. या पद्धतीत पाचव्या सेकंदाला मान अवघडते. सर्वांत भारदस्त दिसतं ते दोन पावलं मागे सरकणं, पण मी मागे सरकलो तो एका तरुणीच्या पायावर. ती "इट्स ओके" म्हणाली आणि तिने तिच्या मित्राला काहीतरी सांगितलं. त्यात 'अंकल' हा शब्द होता. शिवाय किती वेळ उभं राहायचं? लगेच हललो तर अडाणी, फार थांबलो तर ढोंगी. मधलं माप मला अजून सापडलेलं नाही.

चित्र मोठं होतं, माणूसभर उंचीचं. राखाडी हिरवट पृष्ठभाग, मधल्या पट्ट्यात कुठून तरी आतून आल्यासारखा पिवळसर उजेड, आणि त्या उजेडात कुठल्याही लिपीतली नसलेली काळी अक्षरं असावीत तशा खुणा. मला ते आवडलं होतं. का आवडलं ते सांगता येत नव्हतं आणि कोणी विचारू नये एवढीच इच्छा होती.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "आपल्या बेडरूमच्या भिंतीला जुलैत अगदी हेच आलं होतं. वरच्यांच्या बाथरूममुळे."

मी "हूं" म्हणालो. या ओलीवरून सोसायटीच्या सभेत तीन तास भांडण झालं होतं, आणि आता ते चित्रात शिरलं होतं. आता ते त्यातून निघेना.

इतक्यात मामा पुढे सरसावले. गायतोंड्यांचा ओढा झेन विचारांकडे होता, त्यांच्या चित्रांबद्दल लिहिताना मौन हा शब्द सगळेच वापरतात. त्या उंच छताच्या दालनात ते मौन नुकतंच कुठे जमून आलं होतं. मामांचा आवाज मात्र आयुष्यभर कारखान्यातल्या रंग दळणाऱ्या बॉल मिलच्या खडखडाटावर मात करत कमावलेला.

"हे ब्रशचं काम नाही!"

दालनातली सगळी डोकी वळली. कोपऱ्यातला सिक्युरिटीवाला खुर्चीतून उठला.

"रोलर आहे. रोलर आणि पट्टी. ब्रशची एक रेघ दाखवा मला."

माणूस बरोबर बोलत होता. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं मला आठवलं ते मामा बोलल्यावर. मामांनी भिंग काढलं, जमिनीवरच्या रेघेपर्यंत गेले आणि चित्राच्या बाजूला, भिंतीला गाल लावायच्या बेताने उभे राहिले. एक डोळा मिटला. रंगवलेल्या दाराचं फिनिशिंग बघतात तसं ते चित्राच्या कडेने आडवं बघू लागले.

"काका, मागे या," सिक्युरिटीवाला म्हणाला.

"हात लावत नाहीये रे. किती हात मारलेत ते मोजतोय."

मग त्यांनी आम्हा दोघांना, सिक्युरिटीवाल्याला आणि पर्यायाने सगळ्या दालनाला समजावलं. तेलाचा रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन खातं आणि हळूहळू घट्ट होतं. खालचा हात अर्धाकच्चा असताना वरचा जाड हात मारला की काही दिवसांनी सुरकुत्या पडतात, नाहीतर तडे जातात. "इथे बघा, खालचा पिवळा वरच्या हिरव्यातून दिसतोय. म्हणजे वरचा पातळ मारलाय, आणि खालचा वाळायची वाट बघून मारलाय. एक सुरकुती नाही. आणि ह्या काळ्या खुणांची कड बघा, फाटकी आहे. कागद दाबून उचललाय इथे. वर्तमानपत्राचा वगैरे." तेही खरं. कागदाचे फाडलेले तुकडे वापरून रंग उमटवण्याची आणि उचलण्याची गायतोंड्यांची रीत होतीच. "ह्या माणसाने रंगवलंय कमी, थांबलाय जास्त. वर्षाला किती करायचा म्हणालात?"

"पाच-सहा."

"बरोबर आहे. ह्या पद्धतीने सहाच होणार. आमच्या प्लँट मॅनेजरने ह्याला दुसऱ्या दिवशी काढला असता."

एवढं होईस्तोवर पाटी वाचणारी मंडळी आमच्याभोवती गोळा झाली होती. मघाची तरुणी आणि तिचा मित्र मामांच्या मागे येऊन एकेक डोळा मिटून उभे राहिले. मग खादीच्या झब्ब्यातले एक दाढीवाले, खांद्याला शबनम, त्यांनीही भिंतीकडे गाल नेला. बघता बघता चित्राच्या डाव्या अंगाला रांग लागली. समोर कोणी नाही, सगळे बाजूने. उशिरा आलेल्या एका कुटुंबाने आधी मोकळ्या चित्राकडे आणि मग रांगेकडे बघितलं, आणि मुकाट्याने रांगेत उभं राहिलं. सिक्युरिटीवाल्याची अडचण अशी की रेघ कोणीच ओलांडत नव्हतं, त्यामुळे त्याला ओरडायला जागा नव्हती. शेवटी तोही टोकाला जाऊन एक डोळा मिटून बघून आला.

"केवढ्याला असेल हो हे?" मामांनी मला विचारलं. ह्या एका प्रश्नाची तयारी मी करून आलो होतो.

"ह्याचं माहीत नाही. पण 2013 मध्ये मुंबईतल्या एका लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं."

मामांनी चित्राकडे समोरून पहिल्यांदा बघितलं. ओठ हलत होते. "रंग धरा चार लिटर. कॅनव्हास, टर्पेंटाइन, रोलर. त्या काळातले हजारभर रुपये. बाकीचे त्यांना मिळाले?"

"ते 2001 मध्येच गेले."

"म्हणजे प्रॉडक्शनवाल्याच्या हाती काही नाही," मामा म्हणाले. "आमच्याकडेही हेच होतं."

तिथून आम्हाला खेचून काढायला बायकोला फॅशन स्ट्रीटचं नाव दोनदा घ्यावं लागलं. तरी जाता जाता मी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहाची माहिती द्यायला लागलो. सनदी लेखापाल असलेल्या ह्या पारशी गृहस्थाने 1968 पासून सुमारे 800 कलाकृती जमवल्या, त्यात गायतोंडेही आहेत, वगैरे. हे सांगायची काही गरज नव्हती. मामा लगेच म्हणाले, "मग पुढच्या रविवारी ते. सगळेच बाजूने बघून घेऊ."

संध्याकाळी सीएसएमटीला गाडी सुटण्याच्या ठिकाणीच असल्यामुळे तिघांना बसायला मिळालं. फॅशन स्ट्रीटच्या पिशव्या वर रॅकवर, डबा मामांच्या मांडीवर. समोर बसलेल्या डोंबिवलीच्या गृहस्थांनी मामांच्या हातातलं भिंग बघून विचारलं, "प्रदर्शनाला गेला होता वाटतं?"

"हो. चित्रांच्या."

"काय होतं चित्रात?"

"काही नव्हतं," मामा म्हणाले, "पण फिनिशिंग असं की बघत राहावं."

गृहस्थांनी थोडा विचार केला आणि मामांकडे पुढे झुकून विचारलं, "लेबर वेगळं लावतात की मटेरियलसकट?"