पाच डॉलरचं तिकीट हासुद्धा फुगाझीच्या संगीताचाच भाग होता

नावाजलेल्या बँडमधली माणसं एकत्र येऊन नवा बँड काढतायत असं कळलं की मला आधी धास्तीच वाटते. पोस्टरवर जुन्या बँडची नावं ठळक अक्षरांत, गिगमध्ये, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमात, लोक ओरडून मागतात म्हणून जुनीच गाणी, एखादा बरा अल्बम, आणि मग सगळे आपापल्या वाटेने. असं इतक्यांदा झालंय की आता कौतुक करायलाही मन होत नाही. पण वॉशिंग्टन डीसीच्या फुगाझी या रॉक बँडने हे सगळं टाळलं. ते कसं टाळलं, यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माणसं कोण होती ते आधी बघू. इयन मकाय हा मायनर थ्रेटचा गायक. 1980 ते 1983 एवढ्या काळात त्या बँडने अमेरिकन हार्डकोर पंकचा, म्हणजे पंक रॉकच्या जास्त वेगवान, आक्रमक प्रकाराचा, नकाशा बदलला. दारू आणि ड्रग्जपासून लांब राहण्याबद्दलच्या त्यांच्या एका गाण्यावरून 'स्ट्रेट एज' नावाची अख्खी चळवळ उभी राहिली, ती मकायने मागितलेली नसताना. मग तो एम्ब्रेसमध्ये गेला, तो बँड वर्षभरही टिकला नाही. गी पिचिओटो आणि ड्रमर ब्रेंडन कँटी हे राइट्स ऑफ स्प्रिंगमधले. तो बँड 1984 साली सुरू झाला, 1986 साली संपला, गिग अगदी मोजक्या केल्या, आणि तरी इमोचा, म्हणजे भावना उघड मांडणाऱ्या पंकचा, उगम सांगताना आजही पहिलं नाव त्याचंच निघतं. चौथा जो लॅली, बेसवर. त्याच्यामागे असं मोठं नाव नव्हतं. बीफईटर या बँडबरोबर तो रोडी, म्हणजे टूरवर सामान वाहणारा-लावणारा मदतनीस, म्हणून फिरला होता.

म्हणजे या मंडळींनी बँड मोडताना जवळून पाहिले होते. फुगाझीची पहिली गिग 3 सप्टेंबर 1987 ला डीसीच्या विल्सन सेंटरमध्ये झाली, तीही तिघांचीच. पिचिओटो नंतर आला आणि सुरुवातीला नुसता गायचा, नाचायचा. एका जिममध्ये तो बास्केटबॉलच्या रिंगमध्ये उलटा लटकून गातोय, असं दृश्य जेम कोहेनच्या 'इन्स्ट्रुमेंट' या माहितीपटात आहे. त्याच्या हातात गिटार खऱ्या अर्थाने आली ती 1990 च्या 'रिपीटर' अल्बमपासून, आणि तिथून बँड पुरता बहरला.

आता संगीताबद्दल, कारण फुगाझीच्या तत्त्वांवर लोक भरभरून बोलतात आणि गाणी मात्र बाजूला राहतात. याची मला खरंच चीड येते. हार्डकोर म्हणजे वेग. दीड मिनिटात गाणं संपलं पाहिजे, सगळ्यांनी एकदम तुटून पडलं पाहिजे. फुगाझीने त्यातली धग ठेवली आणि घाई काढून टाकली. 'वेटिंग रूम' ऐका. लॅलीच्या बेसवर गाणं सुरू होतं, बाकीचे येतात, आणि अर्धं मिनिटही होत नाही तोच सगळे थांबतात. पूर्ण शांतता. मग पुन्हा एकदम सुरू. हार्डकोरमधूनच पुढे निघालेलं पोस्ट-हार्डकोर म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी हीच जागा ऐकवते. बेसमध्ये रेगे आणि डब या जमैकन संगीताचा झोका आहे, चाल बहुतेक वेळा तोच धरून ठेवतो. दोन गिटारी एकमेकींवर कुरघोडी करत नाहीत, एक खरखर करत असेल तर दुसरी बाजूला होते. कँटीच्या ड्रमसेटला एक मोठी घंटा टांगलेली असायची, तिचा ठोका भलत्याच क्षणी येतो आणि अंगावर काटा उभा राहतो. आणि ज्याच्या नावामागे काहीच वलय नव्हतं, त्या लॅलीच्या खांद्यावर ही सगळी इमारत उभी आहे.

गिगमध्ये ते सेटलिस्ट ठेवत नसत. पुढचं गाणं कोणतं हे स्टेजवरच ठरायचं, कुणीतरी सुरुवातीचे सूर छेडायचा आणि बाकीचे त्यात शिरायचे. आपल्याकडे बैठकीत कसलेला गायक समोरचे श्रोते आणि वेळ बघून पुढची चीज ठरवतो, तबलजी-पेटीवाल्याला नजरेने सांगतो, तसंच. यासाठी चौघांनाही सगळी गाणी सदैव तयार लागतात, आणि एकमेकांवर विश्वास लागतो. नुसतं नाव मोठं असून इथे भागत नाही.

आता पैशाचं. तिकीट साधारण पाच डॉलर आणि प्रवेश सगळ्या वयाच्या लोकांना. अमेरिकेत बारमधल्या गिगला 21 वर्षांखालच्या मुलांना अनेकदा आत सोडत नाहीत, म्हणून हे लोक सभागृहं, जिम, चर्चचे हॉल शोधायचे. मॅनेजर नाही, गिग मकाय स्वतः ठरवायचा. टी-शर्ट विकायचे नाहीत. रेकॉर्ड निघायच्या डिस्कॉर्डवर. हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, मकाय आणि जेफ नेल्सनने 1980 साली सुरू केलेलं, आणि टपालखर्चासकट किंमत कव्हरवरच छापलेली, म्हणजे दुकानदाराने जास्त घेतले तर गिऱ्हाइकाला कळावं. 1993 साली अटलांटिक रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीचे प्रमुख अहमेत एर्तेगुन करारासाठी त्यांना स्वतः भेटले. बँडने नाही म्हटलं.

बरेच जण याला त्याग म्हणतात. मला ते पटत नाही. खर्च इतका कमी ठेवला की कुणाचं देणं राहिलं नाही, आणि देणं नाही म्हणून घाई नाही. 'इन ऑन द किल टेकर' हा अल्बम करताना त्यांनी शिकागोला स्टीव्ह अल्बिनी या नावाजलेल्या रेकॉर्डिंग इंजिनिअरबरोबर रेकॉर्डिंग केलं, ते मनासारखं झालं नाही म्हणून बाजूला ठेवलं आणि आर्लिंग्टनला डॉन झिएन्टाराच्या इनर इअर स्टुडिओत सगळं नव्याने केलं. मोठ्या कंपनीचं कर्ज डोक्यावर असतं तर असं करणं फार अवघड झालं असतं. तो अल्बम आज जसा ऐकू येतो, त्यात त्या पाच डॉलरचा वाटा आहे, असं मी म्हणते ते याचसाठी.

आणि ती जुनी तक्रार, फुगाझी म्हणजे शिकवणी घेणारा बँड. स्टेजपुढे धक्काबुक्की सुरू झाली की ते गाणं थांबवायचे. ऐकलं नाही तर त्या माणसाला पाकिटात पाच डॉलर घालून परत द्यायचे आणि बाहेर काढायचे. यात कसली शिकवणी? गिगला पुढे उभं राहायची हौस असलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. कोपरं खात, चप्पल सांभाळत, शेवटी मागच्या भिंतीला टेकून गाणी ऐकायची पाळी आपल्यावर कितीदा येते! आपल्यासाठी कुणी स्टेजवरून गाणं थांबवलं असतं तर काय वाटलं असतं, एवढाच विचार करा. जो हिंडतोय, ढकलतोय त्याची मजा महत्त्वाची की जी चिरडली जातेय तिची, यात बँडने बाजू घेतली. उघडपणे घेतली. मला ते धाडसाचं वाटतं.

त्यांच्या स्वतःच्या शहरातल्या बहुतेक गिग तर मदतनिधीच्या किंवा फुकटच असायच्या. जानेवारी 1991 मध्ये आखाती युद्ध तोंडावर असताना ते कडाक्याच्या थंडीत व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये वाजवत होते.

नोव्हेंबर 2002 मध्ये लंडनला शेवटची गिग झाली आणि ते थांबले. बँड मोडला असं त्यांनी कधी जाहीर केलं नाही, पण पुन्हा एकत्र येऊन टूरही काढली नाही. दरवर्षी कुठेतरी अफवा उठते. मला स्वतःला ती टूर नको आहे. लॅली आणि कँटी द मेस्थेटिक्समध्ये, मकाय आणि लॅली कोरिकीमध्ये नवं काही करत आले आहेत, आणि त्यातही जुनं नाव विकलेलं नाही.

ऐकायचं असेल तर '13 साँग्ज'पासून सुरुवात करा, मग 'रेड मेडिसिन', मग 2001 चा 'द आर्ग्युमेंट'. हा शेवटचा अल्बम त्यांचा सर्वोत्तम आहे असं माझं मत आहे आणि त्यावर भांडायला मी तयार आहे. त्यानंतर डिस्कॉर्डच्या साइटवरच्या लाइव्ह सिरीजमध्ये शिरा. 2011 च्या अखेरीपासून त्यांनी स्वतः टेप केलेल्या शेकडो गिग तिथे टाकल्या आहेत. एका गिगची सुचवलेली किंमत पाच डॉलर, पण एक डॉलरपासून शंभरपर्यंत तुम्हाला परवडेल ते द्या. एकाच गाण्याची वेगवेगळ्या वर्षांची दोन-तीन रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐका, आणि कुठली आवडली ते खाली लिहा.